मागच्या महिन्याइतकंच

६ जानेवारी

मास्तरीणबाई,

हे पत्र फोडलंस म्हणजे एकतर पाकिटावरचं माझं अक्षर तू ओळखलं नाहीस, किंवा ओळखूनही फोडलंस. दोन्हींपैकी काय झालं ते कळवायची गरज नाही. तुझी आई मागे लागली म्हणून लिहितोय असं समज. ती तसं एका शब्दानं म्हणालेली नाही, पण तू समज.

दर गुरुवारी संध्याकाळी तू टीव्हीवर येतेस आणि पाच मिनिटांत देशाची तब्येत सांगून जातेस. आई त्या आधीच पडदा पुसून ठेवते. मी वर्तमानपत्र वाचत बसलेलो असतो, त्यामुळे मला फक्त ऐकू येतं. केस कापलेस ते मात्र दिसलं. बरे दिसतात.

मागच्या गुरुवारी तू देशाचं उत्पन्न समजावून सांगितलंस. वर्षभरात देशात जे जे बनलं आणि विकलं गेलं, ज्या ज्या कामाचे कोणी पैसे मोजले, त्या सगळ्याची बेरीज. ती बेरीज सलग दोन तिमाह्या घटली तर त्याला मंदी म्हणायचं. एक घटली आहे, दुसरीचा आकडा यायचाय, असं म्हणालीस. आईनं विचारलं, "मी तीस वर्षं रांधतेय ते त्यात धरलंय का गं?" तू काही उत्तर दिलं नाहीस, टीव्हीतून कसं देणार, म्हणून मीच सांगितलं की नाही धरलेलं. "मग चुकली की बेरीज," म्हणाली आणि उठून गेली. वारसा कुठून आलाय ते तुझ्या लक्षात आलं असेल.

मला विचारलं असतंस तर मंदीचा वास मी आधीच सांगितला असता. चप्पल असो, पंखा असो, औषधाची बाटली असो, विकायची म्हटली की आधी खोकं लागतं. चार महिन्यांपासून आमच्या कारखान्यातल्या खोक्यांची मागणी ओसरतेय. हे तुला ऐकवून भाव खायचा विचार होता, तर त्याच कार्यक्रमाच्या शेवटी तूच म्हणालीस की पुठ्ठ्याच्या खपावर तुमचा डोळा असतो. घ्या. माझ्याच घरात मला बोलू द्यायचं नाही, ही तुझी जुनी खोड.

धाकटा बरा आहे. कागदाला पन्हळ पाडायच्या यंत्रावर त्याचा हात असा बसलाय की दोन रुळांमधून कागद कुठे फाटणार ते त्याला नुसत्या आवाजावरून कळतं. सहा वर्षांपूर्वी तू दारात बॅग घेऊन उभी राहून म्हणालीस, "बाबा, तुम्ही त्याचे पाय कापलेत." तू त्याच्यासाठी तुझ्या शहरात शीतयंत्रांच्या अभ्यासक्रमाला जागा मिळवली होतीस आणि मी त्याच आठवड्यात त्याला कारखान्यात लावला, म्हणून. अगं, हातात येणारा पगार सोडून कोणी दोन वर्षं बाकावर जाऊन बसतं का? मी तेव्हाही हेच म्हटलं, आजही म्हणतो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. गुरुवारी दिसशीलच.

बाबा

३ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

मंदी आली. गुरुवारी तू शांतपणे सांगितलंस, आवाजही न चढवता. आईला वाटलं तू दमली आहेस.

जानेवारीत आमच्याकडे एकही नवी मागणी आली नाही. कमी आली नाही म्हणतोय मी, एकही आली नाही. जुनी राहिलेली कामं उरकतोय. कागदाची रिळं गोदामात छतापर्यंत रचलेली, त्यामुळे मी, खरेदी अधिकारी, गेल्या महिनाभरात एका सुतळीच्या गुंडाळ्याशिवाय काही खरेदी केलेलं नाही. कागदाचे व्यापारी फोन करतात, "साहेब, भाव पाडून देतो, पण घ्या." पूर्वी मी त्यांच्या नाकदुऱ्या काढायचो. तू म्हणतेस महागाईचा दर खाली येतोय. महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नव्हे, त्या महाग व्हायचा वेग मंदावला, हे तू चांगलं सांगितलंस, आईलाही समजलं. मी त्यात एवढीच भर घालीन की वेग मंदावतो तो कधी कधी गिऱ्हाईक दारातून परत गेल्यामुळे.

आता तुला एक गंमत सांगतो. तुझा तो निर्देशांक, खरेदी अधिकाऱ्यांचा, ज्याच्यावर तू महिन्यातून एक गुरुवार खर्च करतेस, त्याच्यासाठी देशभरातल्या निवडक कारखान्यांना दर महिन्याला एक फॉर्म जातो. कोणाला जातो ते गुप्त असतं, तो आकडा वाचून दाखवणारीलाही माहीत नसतं. तर मास्तरीणबाई, गेली अकरा वर्षं तो मला येतो. नव्या मागण्या, उत्पादन, कामगार, खरेदी. प्रत्येकापुढे तीन चौकोन: मागच्या महिन्यापेक्षा अधिक, तेवढंच, कमी. किती ते विचारत नाहीत, फक्त दिशा विचारतात. मी दर वेळी चष्मा पुसून, प्रामाणिकपणे खुणा करतो. तू सहा वर्षं माझ्याशी बोलली नाहीस, पण मी तुला दर महिन्याला उत्तर देत होतो. या महिन्यात सगळीकडे "कमी" केलंय.

दुसरी बातमी अशी की मालकांनी फलक लावलाय. जे आपणहून राजीनामा देतील त्यांना एक वर्षाचा पगार एकरकमी. मुदत मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत. जे थांबतील त्यांचं काय, त्यावर फलक गप्प आहे.

आणि तिसरी. ही लिहायची नाही असं ठरवून बसलो होतो. धाकटा म्हणतोय तो राजीनामा देणार. त्या पैशांत तोच शीतयंत्रांचा अभ्यासक्रम करणार, तुझ्या शहरात. प्रवेश एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. त्यानं चौकशी केली आहे, राहायची जागाही पाहिली आहे, मला मात्र काल सांगितलं. तुझ्याशी त्याचं फोनवर बोलणं होतं हेही मला कालच कळलं. सगळ्या घराला माहीत, मी एकटा परका.

मी त्याला काही बोललो नाही. त्याचं वय आहे. खोली मात्र फार मोठी वाटेल, एवढंच मनात आलं.

बाबा

१२ मार्च

माझ्या गुणी लेकी,

तू आज आमच्या कारखान्यात असतीस तर तुला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं!

घडलं ते सांगतो. उद्या राजीनाम्यांची मुदत संपते. संध्याकाळी पाळी सुटल्यावर सगळे उपाहारगृहात जमले होते, चाळीसेक माणसं, कोणी सही केलेली, कोणी न केलेली, सगळ्यांचे जीव टांगणीला. तुझ्या भावाच्या शर्टाच्या खिशात राजीनामा घडी करून ठेवलेला. सकाळी आईनं त्याचा हात धरून "दे बाबा, देऊन मोकळा हो" म्हटलं होतं. कोपऱ्यातला टीव्ही कोणीतरी लावला आणि तू आलीस. मी उठून आवाज मोठा केला.

तू म्हणालीस, सलग सहा महिने पन्नासच्या खाली राहिलेला निर्देशांक या महिन्यात पन्नासवर आला आहे. पन्नासच्या खाली म्हणजे आकुंचन, वर म्हणजे वाढ. "घसरण थांबल्याचं हे पहिलं चिन्ह आहे," असं तू म्हणालीस.

बाई गं, काय तो गलका! टेबलं बडवली लोकांनी. खळवाला, तोच, पुठ्ठ्याला लावायची खळ शिजवतो तो, लहानपणी तू ज्याला "चिकट काका" म्हणायचीस, त्यानं धाकट्याला मिठी मारून उचलला. "तुझ्या ताईनं सांगितलं रे! ती कशाला खोटं बोलेल!" त्या गोंगाटात तुझं पुढचं काही ऐकू आलं नाही.

धाकटा माझ्याकडे आला. "बाबा, काय करू?" म्हणाला. मी म्हटलं, "मी कोण सांगणारा? तुझी बहीणच सांगतेय." त्यानं खिशातला कागद काढला, दोनदा वाचला आणि फाडला. त्याचं बघून खळवाल्यानं आपला फाडला. मग एकामागून एक. जणू सुटी लागली होती.

आणि ऐक, माझाही यात हात आहे. या महिन्याच्या फॉर्मवर मी सहा महिन्यांत पहिल्यांदाच "कमी" केलं नाही. नव्या मागण्या जानेवारीत शून्य, फेब्रुवारीत शून्य. म्हणजे तेवढंच. उत्पादन जानेवारीत जुनी कामं, फेब्रुवारीत जुनी कामं. तेवढंच. माणसं तेवढीच. खरेदी एक सुतळीचा गुंडाळा, तेवढीच. बापलेकीनं मिळून घसरण थांबवली म्हणायची!

अभ्यासक्रमाचं तो पुढच्या वर्षी बघेल. कारखाना सावरला की साठवेल आणि जाईल. घाई काय आहे? आईनं मात्र ऐकल्यावर दिवा मालवला आणि न जेवता झोपली. तिचं तुला माहीतच आहे.

तुझे बाबा

१९ एप्रिल

तुला,

कारखाना बंद झाला. मालकांनी महिन्याच्या पहिल्या सोमवारी दाराला कुलूप लावलं आणि कारखाना दिवाळखोरीत काढला. राजीनामा दिलेल्यांना वर्षाचा पगार मिळून गेला होता, ते दहा-बारा जण. थांबलेल्यांना मार्चचा पगारही नाही. वकील म्हणतो आधी बँक, मग सरकार, मग उरलं तर कामगार.

अभ्यासक्रमाचे प्रवेश त्याच्या आधीच बंद झाले.

कारखान्याच्या दाराबाहेर सगळे रांगेनं उभे होते, तसंच उभं राहायची सवय म्हणून. तुझ्या भावाला वाट करून दिली त्यांनी. मारलं नाही, शिवी दिली नाही. कोणीतरी नुसतं म्हणालं, "आला, टीव्हीवालीचा भाऊ." तो तिथून घरी आला तेव्हापासून कामाशिवाय बाहेर पडत नाही. आणि काम नाही.

आमच्या दारावर रोज कोणीतरी कोळशानं "५०" लिहून जातं. आई ओल्या फडक्यानं पुसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा असतं. कोण लिहितं ते शोधायला मी गेलो नाही, चाळीस घरांतलं कोणतंही असेल.

कुलूप लागलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी खळवाला आला. मला वाटलं, भांडायला. तो चहा प्यायला, धाकट्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "ताईला विचार ना रे, येत्या गुरुवारी काय सांगणार आहे. म्हणजे घर विकायचं का थांबायचं, ते मला ठरवता येईल." त्यात एक कणही टोमणा नव्हता. अजून तुझ्यावर विश्वास आहे त्याचा. धाकटा उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. खळवाल्यानं शेवटी घर विकलं. मिळेल त्या भावाला. बायकोच्या माहेरी गेले सगळे.

मी आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं घेऊन बसलो. एक बटण म्हणजे एक कारखाना. "अधिक" म्हणणाऱ्यांची टक्केवारी, त्यात "तेवढंच" म्हणणाऱ्यांची अर्धी मिळवायची, असा तुमचा हिशोब, तूच सांगितला होतास. मी सगळी बटणं "तेवढंच"मध्ये घातली. शंभरातले शंभर कारखाने मेलेले. मागच्या महिन्यात मेलेले, या महिन्यातही मेलेलेच. आकडा आला पन्नास. पुन्हा मांडलं. पुन्हा पन्नास.

म्हणजे मी खोटं लिहिलं नव्हतं, तूही खोटं बोलली नव्हतीस. मग हे झालं कसं, ते मला कोणीतरी सांगा. माझं आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांचं शून्य तुझ्या तोंडून पन्नास होऊन आलं, आणि ते आम्हीच टाळ्या वाजवून घरी नेलं.

बाबा

११ मे

मास्तरीणबाई,

तुझं पत्र आलं. एकच पान, पण आलं. आईनं ते आधी स्वतः वाचलं, मग माझ्याकडे दिलं, मग परत मागून घेतलं. आता तिच्या उशाखाली आहे.

तू लिहिलंस, "एक कारखाना म्हणजे देश नव्हे, बाबा." कबूल. त्या महिन्यात कुठेतरी खरोखरच सावरलं असेल, कोणाच्या तरी "अधिक"वर खूण झाली असेल, आणि पन्नास त्यातूनही झाले असतील. तू लिहिलंस की एका आकड्यावर कोणी आयुष्याचा निर्णय घेऊ नये, नाडी, ताप, रक्त सगळं मिळून बघावं लागतं. उत्पन्न बघा, रोजगार बघा, महागाई, व्याजदर, आयात-निर्यात बघा. तेही कबूल. पण मुली, शुक्रवारी मुदत होती आणि गुरुवारी आमच्यासमोर तेवढाच आकडा आला.

मग तू विचारलंस, "मी लगेच दुसरं वाक्यही म्हटलं होतं. ते तुमच्यापैकी एकानंही ऐकलं नाही?"

मार्चमध्ये मी तुला लिहिलं की गोंगाटात पुढचं ऐकू आलं नाही. इतरांना खरंच आलं नाही. मी टीव्हीला चिकटून उभा होतो, आवाजाची कळ माझ्याच हातात होती. तू म्हणालीस, "मात्र घसरण थांबली म्हणजे चढ सुरू झाला असं नाही. पातळी अजून फार खाली आहे." अक्षरन् अक्षर ऐकलं मी. त्याचा अर्थ त्या खोलीत माझ्याइतका कोणालाच कळला नसता, कारण गोदाम मी पाहत होतो. आणि धाकटा येऊन "काय करू?" म्हणाला तेव्हा मी ते वाक्य गिळलं.

का, ते तुला वेगळं सांगायला नको. एक लेकरू दारातून गेलं होतं. दुसरंही त्याच शहरात निघालं होतं. तो जाऊ नये असं मला वाटत होतं. एवढंच. त्याच्या भल्याचा विचार वगैरे काही नव्हता, उगाच मला मोठेपणा देऊ नकोस.

तू धाडलेले पैसे त्यानं परत केले. म्हणाला, "ताईचा राग नाही. पण त्या पैशांत माझे चाळीस मित्र परत येत नाहीत." बेरोजगारांचा आकडा थोडा उतरला असं तू गुरुवारी सांगत होतीस, ते त्यानं उभ्यानं ऐकलं. जे काम शोधायचंच सोडून देतात ते त्या आकड्यातून गळतात, हेही तू प्रामाणिकपणे सांगितलंस. तो म्हणाला, "गळतात म्हणजे आमची आख्खी गल्ली." आणि आत गेला.

दुसऱ्या वाक्याचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगू का? तू जे म्हणशील ते करीन. आयुष्यात पहिल्यांदा तुला विचारतोय, त्याचा भाव खाऊ नकोस.

बाबा

८ जून

बाळ,

तू "सांगा" एवढंच लिहून पाठवलंस. सांगितलं.

तो जेवत होता. सगळं ऐकून घेतलं. जेवण संपवलं, ताट धुऊन पालथं ठेवलं आणि चपला घालून कामाला गेला. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. कामापुरतं म्हणजे खरंच कामापुरतं, कारण सध्या आम्ही दोघं एकाच ठिकाणी आहोत. कुठे, ते ऐक.

कारखान्याचा लिलाव झाला. जागा एकानं घेतली, यंत्रं भंगारवाल्यानं. मालाची मोजदाद करून हवाली करायला जुना माणूस हवा म्हणून बँकेनं मला तात्पुरतं ठेवलंय. यंत्रं उभीच्या उभी दारातून निघत नाहीत, जागेवर कापावी लागतात. त्यासाठी रोजंदारीवर माणसं घ्यायची होती. मी गल्लीत निरोप दिला. नऊ जण आले, त्यात तुझा भाऊ. त्यानं स्वतःचं यंत्र मागून घेतलं. म्हणाला, "दुसऱ्यानं कुठेही गॅसचा टॉर्च लावला तर रूळ अंगावर येतील. मला माहीत आहे कुठून कापायचं." गेला आठवडाभर तो ज्या रुळांचा आवाज ओळखायचा तेच कापतोय. कापताना डोळ्यांवर काळा चष्मा असतो, त्यामुळे मला काही दिसत नाही.

काल फॉर्म आला. हो, अजून येतो. कारखाना मेला हे तुमच्या यादीला अजून कोणी कळवलेलं नाही. मी तो टेबलावर पसरला आणि सवयीनं चष्मा पुसला. कामगार, मागच्या महिन्यापेक्षा? मे महिन्यात इथे मी आणि पहारेकरी होतो. आता वर नऊ माणसं. अधिक. खरेदी? मे महिन्यात शून्य. या महिन्यात कापायच्या गॅसच्या सहा टाक्या घेतल्या. अधिक. नव्या मागण्या? भंगारवाल्याला लोखंड बांधून द्यायला पुठ्ठा हवाय, गोदामातला उरलेला. ती मागणीच झाली. अधिक.

मी काय करावं, सांग. "कमी" लिहिलं तर ते खोटं. काही न लिहिता परत पाठवलं तर आम्ही यादीतून गळणार आणि उरलेले, जे जगले ते, तेवढेच बोलणार. मग तिन्ही ठिकाणी "अधिक"वर खूण केली आणि पाकीट बंद केलं. प्रश्न जसा विचारला आहे तसं उत्तर देणं, दुसरं मला काही येत नाही. तू ते वाचशील तेव्हा दुसरं वाक्य जरा मोठ्यानं म्हण. जमलं तर आधी म्हण.

आता आजचं सांगतो. त्यासाठीच खरं तर बसलो.

संध्याकाळी आम्ही बरोबरच घरी आलो, नेहमीसारखे दोन हात अंतर ठेवून. दारावर आज काही लिहिलेलं नव्हतं. हल्ली तेही थांबलंय, लिहिणारेही गाव सोडून गेले असतील. हातपाय धुऊन तो माझ्यासमोर येऊन बसला. आपणहून. कानांच्या मागे काजळी राहिली होती. म्हणाला,

"बाबा, एक विचारू? ताईच्या हिशोबात मी सध्या कुठे बसतो?"

इतक्या दिवसांनी विचारलं होतं. म्हणून मी तू शिकवलंस तसं नीट सांगितलं. आठवड्यात एक तास जरी मजुरी घेऊन काम केलं असेल तरी तो माणूस रोजगारात धरतात. "तू रोजगारात आहेस."

"यंत्र कापून संपल्यावर? परवा संपेल."

"काम शोधत राहिलास तर बेरोजगारांत."

"आणि शोधायचंच सोडलं तर?"

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. त्याला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस.

"म्हणजे परवापर्यंत मी बरा आहे," तो म्हणाला.

तू ये. या गुरुवारचा कार्यक्रम दुसऱ्या कोणाला तरी दे आणि ये. त्याला न्यायला ये, राहायला ये, मला चार शब्द सुनवायला ये. तो आधी दार उघडणार नाही, तरी वाजवत राहा. माझ्या हातात आता काही उरलेलं नाही आणि मला भीती वाटते. कारण ते वाक्य बोलून तो हसला. आधी हळू, मग मोठ्यानं, मग त्याला थांबताच येईना. भिंतीला टेकून तो खाली बसला, दोन्ही हातांनी पोट धरलं, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतोय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो खांदा नुसता थरथरत होता.

या घरात कितीतरी महिन्यांनी असा आवाज झाला होता. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. दारात उभी राहिली, त्याच्याकडे बघून स्वतःही हसायला लागली आणि तिनं विचारलं, "काय रे, काय झालं? लागली का कुठे नोकरी?"